वय पाहून पुस्तक देणारी वाचनालये हवीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात नव्या पुस्तकांची परीक्षणे येतात आणि सीमाभागातील आम्ही वाचक ती आवडीने वाचतो. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरांतून आणि लहान वाचनालयांतून जो प्रश्न प्रत्यक्ष विचारला जातो, तो नवे काय आले हा नसतो. ‘मुलगी सातवीत आहे, तिला काय देऊ?’, ‘आईला बारीक अक्षर दिसत नाही, तिच्यासाठी काय नेऊ?’, ‘नोकरीच्या परीक्षा संपल्या, आता काहीतरी वाचावेसे वाटते, सुरुवात कशाने करू?’ असे ते प्रश्न असतात. मी खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षिका असून गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसते. तेथे हे प्रश्न रोज कानावर पडतात आणि त्यांची उत्तरे देणारी जागा आपल्या भागात फार थोडी उरली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुस्तक चांगले असते, पण ते कोणासाठी आणि कोणत्या वयात, हे सांगितले नाही तर त्याचा चांगुलपणा वाया जातो. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे आहेत. आपल्याकडे बक्षीस समारंभात, वाढदिवसाला किंवा सेवानिवृत्तीच्या सत्कारात पुस्तक देताना त्याची प्रसिद्धी आणि किंमत पाहिली जाते. घेणाऱ्याचे वय, त्याची वाचण्याची सवय आणि घरात बोलली जाणारी भाषा क्वचितच विचारात घेतली जाते. मग नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी येते, ती कपाटात जाते आणि ‘मुले वाचत नाहीत’ असा निष्कर्ष मात्र मोठी माणसे काढून मोकळी होतात.

सर्वांत आधीचे वय ऐकण्याचे आहे आणि ते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. आपल्या भागातील अनेक घरांत आजी मराठी बोलते, आई गोकाक किंवा हुक्केरीकडची असल्याने कन्नड सहज बोलते, आणि मूल तिसऱ्या वर्षीच इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जाऊ लागते. अशा मुलाला अक्षरे यायच्या आधी मराठी वाक्याची लय कानावर पडली नाही, तर पुढे देवनागरी वाचता येऊनही मराठी पुस्तक त्याला परकेच वाटते. या वयासाठी एका पानावर दोन-तीन ओळी आणि मोठे, निरखून पाहावे असे चित्र असलेले पुस्तक हवे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका मी तरुण आईवडिलांना आवर्जून सुचवते, कारण तिच्यात राजा-राणी नाहीत. घरातली माणसे आहेत, आणि ती माणसे मूल रोज पाहत असते. दोन भाषांच्या घरांसाठी नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तकेही उपयोगी आहेत, कारण त्यांतील बरीच पुस्तके मराठीत आणि कन्नडमध्येही निघाली असून त्यांची किंमत सामान्य घराला परवडते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर एकच चित्रकथा दोन्ही भाषांत विनामूल्य मिळते आणि छापूनही घेता येते. आजीने मराठीत आणि आईने कन्नडमध्ये तीच गोष्ट वाचून दाखवली, तर मुलाच्या मनात दोन्ही भाषा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहत नाहीत. सीमाभागात वाढणाऱ्या मुलाला याहून मोठी देणगी कोणती असेल, हे मला सुचत नाही.

स्वतः वाचू लागण्याच्या वयात, म्हणजे साधारण दुसरी ते पाचवीत, पुस्तकाचा विषय जितका महत्त्वाचा तितकाच अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर आणि जोडाक्षरांचे प्रमाण महत्त्वाचे असते. पालकांनी एक साधी कसोटी लावावी: दुकानात किंवा वाचनालयात पुस्तकाचे मधलेच एक पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे. ते ओळीओळीला अडखळत असेल, तर ते पुस्तक वाईट नाही, फक्त अजून दोन वर्षांनी द्यावयाचे आहे. ज्या पुस्तकावर लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव नाही, अशी जत्रेत आणि बसस्थानकावर मिळणारी रंगीत पुस्तके शक्यतो टाळावीत, कारण त्यांतली भाषा कोणीच जबाबदारीने लिहिलेली नसते. विंदा करंदीकरांच्या बालकविता या वयात पाठ व्हाव्यात अशा आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. ज्या गावात एकही पुस्तकाचे दुकान नाही, तेथील शिक्षकांनी त्यांचा लाभ घ्यावा. बेळगावात वाढलेले आणि धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जी. ए. कुलकर्णी मोठ्यांचे गूढ कथाकार म्हणूनच आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांनी लहानांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली आहे आणि ती रात्री झोपताना वाचून दाखवावी इतकी प्रसन्न आहे.

‘श्यामची आई’विषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शाळांच्या बक्षिसांत सर्वाधिक दिले जाणारे पुस्तक बहुधा तेच असावे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची रचना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी सांगितलेल्या गोष्टींची आहे. म्हणजे ते ऐकण्याचे पुस्तक आहे. एकट्याने सलग वाचायला दिले तर आजच्या मुलाला त्यातील दुःखाचे ओझे होते आणि कोकणातील जुन्या घरातील चालीरीती कळत नाहीत. एका रात्री एकच प्रकरण घरातील मोठ्या माणसाने वाचून दाखवले आणि मूल विचारील त्या शंकांची उत्तरे दिली, तर तेच पुस्तक मनात घर करते. साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे उलटल्यामुळे त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहे आणि स्वस्त आवृत्त्या भरपूर आहेत. मात्र घेताना ती संक्षिप्त आवृत्ती नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

माझ्या अनुभवात वाचक हातचा सुटतो तो अकरा ते पंधरा या वयात. बालपुस्तके त्याला पोरकट वाटतात, मोठ्यांची पुस्तके झेपत नाहीत, आणि याच काळात शिकवणीचे वर्ग व मोबाईल दोन्ही घरात येतात. वाचनालयांत बालविभाग असतो आणि त्यानंतर थेट कादंबऱ्यांचे कपाट असते. मधल्या वयासाठी स्वतंत्र फळीच नसते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही या वयाला धरून ठेवतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’ या संकलनाचे बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत. मराठीतील निवडक उतारे आणि भारतीय चित्रकारांची चित्रे एकत्र पाहायला मिळत असल्याने प्रत्येक शाळेत त्याची निदान एक प्रत असावी.

याच वयाच्या शेवटी आपल्या भागातील मुलांसाठी एक असे दालन आहे, जे पुण्या-मुंबईच्या मुलांना इतके जवळचे वाटणार नाही. प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७ साली बेळगावात झाला आणि ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या त्यांच्या चार पुस्तकांतील लंपन ज्या मराठीत बोलतो आणि विचार करतो, तिच्यात आपल्याकडचा कन्नडचा हेल जागोजागी ऐकू येतो. ज्या मुलाला पुण्याच्या नातेवाइकांनी ‘तुझी मराठी वेगळीच आहे’ असे ऐकवलेले असते, त्याला आपलीच बोली इतक्या सुंदर रीतीने छापलेली दिसणे ही फार मोलाची गोष्ट आहे. पण नायक लहान आहे म्हणून हे पुस्तक लहान मुलाला देऊ नये, असे माझे मत आहे. लंपनचे एकटेपण आणि आजी-आजोबांच्या घरातील त्याचे मूक समजूतदारपण कळायला चौदा-पंधरा वर्षांचे मन लागते. त्याआधी एखादी कथा वाचून दाखवावी. आणि साठी उलटलेल्या वाचकाने हीच पुस्तके पुन्हा घ्यावीत. माझ्या पाहण्यात अनेकांना ती दुसऱ्या वेळी अधिक भिडली आहेत, कारण तेव्हा वाचक लंपनच्या जागी न राहता आजी-आजोबांच्या जागी गेलेला असतो.

महाविद्यालयीन वयाबद्दल बोलताना आपल्या अभ्यासिकांकडे पाहावे लागते. त्या भरलेल्या असतात, पण टेबलावर स्पर्धापरीक्षांची, पोलीस आणि सैन्य भरतीची मार्गदर्शके असतात. नोकरीची निकड खरी आहे आणि त्या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना जाड पुस्तके न देता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. माणदेशातील एका धनगरवाडीत नवा मास्तर म्हणून गेलेल्या तरुणाची ही गोष्ट दोन-तीन बैठकांत वाचून होते आणि मोठे पुस्तक वाचू शकतो असा विश्वास देऊन जाते. खेड्यातून पुण्याला किंवा बंगळूरला शिकायला गेलेल्या आणि तेथे मन न रमलेल्या मुलाला १९६३ साली प्रसिद्ध झालेली नेमाड्यांची ‘कोसला’ आजही आपली वाटते. दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन मात्र प्रत्येक तरुणाने, विशेषतः ज्याच्या घरात जातीचा चटका कधी बसला नाही त्याने, पंचविशीच्या आत वाचलेच पाहिजे असे मी आग्रहाने म्हणेन.

ऐतिहासिक कादंबरी हा आपल्या तरुणांचा आवडता दरवाजा आहे आणि तो बंद करण्याचे कारण नाही. ‘स्वामी’ लिहिणारे रणजित देसाई तर सीमेपलीकडच्या, आपल्याला अगदी लगतच्या चंदगड तालुक्यातील कोवाडचे. परंतु कादंबरी आणि इतिहास यांत फरक असतो, हे त्या वयातच कळायला हवे. त्यासाठी ‘श्रीमान योगी’ वाचणाऱ्याला मी नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना न वगळता वाचायला सांगते. कादंबरीकाराला जेथे कल्पनेचा आधार घ्यावा लागतो, तेथे इतिहासाचा अभ्यासक कोणते प्रश्न विचारतो, हे त्या प्रस्तावनेतून जितके स्वच्छ समजते तितके एखाद्या व्याख्यानातूनही समजणार नाही.

तिशी ते पन्नाशीच्या वाचकाची अडचण इच्छेची नसून वेळेची असते. उद्यमबागेतील कारखान्यात पाळ्या करणारा कामगार, उसाची लावण आणि तोड यांत गुंतलेला शेतकरी, अंगणवाडीची नोंदवही घरी आणून लिहिणारी ताई यांना तुकड्यातुकड्याने वाचता येईल असे हवे. दिवाळी अंक त्यासाठीच उपयोगी पडतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आपल्या लहान वाचनालयांचा अजूनही मोठा आधार आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून एकेक महिना घेऊन लिहिलेले असल्याने ते वर्षभर पुरवून वाचावे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये महाभारतातील एकेका व्यक्तीवर स्वतंत्र लेख आहे. ते ज्यांना आवडले त्यांनी एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’ उमा कुलकर्णी यांच्या अनुवादात वाचावी. उमाताईंचा जन्म बेळगावचा. कन्नडमधले मोठे लेखन त्यांनी मराठीत आणले, आणि ते पुण्यात जितके वाचले जाते तितके आपल्याकडे वाचले जात नाही, याची मला खंत वाटते. शेजारच्या माणसाच्या भाषेतील उत्तम ग्रंथ वाचण्याचा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य सीमेवर राहणाऱ्या आपलेच आहे.

आता उतारवयाकडे येते. साठीनंतरच्या वाचकाला फक्त पोथ्या आणि संतचरित्रे हवी असतात, हा समज मनातून काढून टाकावा. पोथीवाचनाला मी मुळीच कमी लेखत नाही. आपल्या गावागावांत पारायण सप्ताह होतात आणि शाळा चौथीत सुटलेल्या स्त्रिया ज्ञानेश्वरीच्या ओव्या अर्थासह सांगतात. सातशे वर्षांपूर्वीची मराठी जिला कळते, ती बाई मोठ्या तोडीची वाचक आहे. तिला ‘साधे काहीतरी’ देणे हा तिचा अपमान आहे. अशा वाचकांसाठी विनोबांची ‘गीता प्रवचने’ ही पुढची स्वाभाविक पायरी ठरते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. आजही ती तशीच, रविवारी एक याप्रमाणे वाचावीत. अठरा रविवारांत पुस्तक पूर्ण होते आणि मंदिरात किंवा ओसरीवर चार जणींना एकत्र बसून ऐकता येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवली की आमच्याकडच्या आज्या मोकळेपणाने हसतात आणि मग स्वतःच्या सासरच्या गोष्टी सांगू लागतात. ज्यांची मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी आहेत, त्यांना शिवराम कारंतांच्या ‘बेट्टद जीव’चा उमा कुलकर्णी यांनी केलेला ‘डोंगराएवढा’ हा अनुवाद मी देते. मुलगा दूर निघून गेलेले, डोंगरात शेती करणारे वृद्ध जोडपे त्यात आहे; ते दुःख कुरवाळत बसत नाही आणि आलेल्या पाहुण्यावर जीव लावते. बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या इंदिरा संतांची कविता दिवसाला एक याप्रमाणे वाचण्यासारखी आहे.

उतारवयातही दोन टप्पे आहेत. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असतो आणि डोळेही साथ देतात. त्याने तरुणपणी राहून गेलेले मोठे ग्रंथ आताच हाती घ्यावेत. पंचाहत्तरीनंतर मात्र अक्षराचा आकार, कागदाची चमक आणि पुस्तकाचे वजन ठरवते की वाचन चालू राहील की थांबेल. पलंगावर पडून जाड ग्रंथ छातीवर पेलता येत नाही. प्रकाशकांनी गाजलेल्या पुस्तकांच्या मोठ्या टाइपातील, दोन-तीन हलक्या भागांत बांधलेल्या आवृत्त्या काढाव्यात. पोथ्यांच्या बाबतीत हे पूर्वीपासून होत आले आहे, मग कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत का होऊ नये? ध्वनिपुस्तके आता मराठीत पुष्कळ आहेत आणि नातवंडांनी ती मोबाईलवर लावून द्यावीत. त्याहूनही चांगले म्हणजे नातवाने रोज दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, कारण इंग्रजी माध्यमातील मुलाचे मराठी वाचन त्यातूनच सुधारते आणि आजीला पुस्तक मिळते.

हे सर्व घडायचे तर जागा वाचनालयाचीच आहे. बेळगावच्या शतकाहून जुन्या सार्वजनिक वाचनालयापासून खेड्यांतील एका खोलीच्या वाचनालयांपर्यंत आपल्याकडे पुस्तके आहेत, पण अनेक ठिकाणी ती कुलूपबंद कपाटात आहेत आणि सभासदाने नाव सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ज्याला नावच ठाऊक नाही त्याने काय मागावे? निदान दोन फळ्या मुक्तद्वार ठेवाव्यात: एक अकरा ते पंधरा वयाची, दुसरी मोठ्या अक्षरांची आणि हलक्या पुस्तकांची. देवघेवीला बसणाऱ्या माणसाने पुस्तक परत घेताना ‘कसे वाटले?’ एवढे विचारावे आणि उत्तर नोंदवहीत दोन शब्दांत लिहून ठेवावे. वर्षभरात त्या गावाची स्वतःची यादी तयार होईल.

ग्रामपंचायतींची ग्रंथालये, ज्यांना आता अरिवु केंद्रे म्हणतात, तीही आपलीच आहेत. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर आपण सर्वजण भरतो. जेथे मराठी वाचक मोठ्या संख्येने आहेत, तेथील ग्रामस्थांनी कन्नड पुस्तकांबरोबर मराठी पुस्तकेही घ्यावीत असा लेखी अर्ज, पुस्तकांची नावे जोडून, पंचायतीकडे द्यावा. नावे न जोडता केलेली मागणी सहसा फाइलीतच राहते. कन्नड शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना त्या केंद्रांतील उत्तम कन्नड बालपुस्तकेही वाचू द्यावीत, हेही तितक्याच मनापासून सांगते.

आपल्याकडे माझी विनंती अशी की, रविवारच्या पुरवणीत एक लहान चौकट केवळ जुन्या-नव्या पुस्तकांच्या वयानुरूप शिफारशीसाठी राखून ठेवावी. तिच्यात पुस्तकाचे नाव, लेखक आणि अनुवादक, प्रकाशक, किंमत, अक्षराचा आकार आणि ते कोणत्या वयाला व का द्यावे याबद्दल चार वाक्ये असावीत. शिफारस समीक्षकांप्रमाणेच शिक्षक, ग्रंथपाल आणि वाचक आजी-आजोबा यांच्याकडूनही मागवावी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा येथील ग्रामीण साहित्य संमेलनांत पुस्तकांची दालने लागतात आणि तेथे आईवडील मुलांना घेऊन येतात. चौकटीतील शिफारशींचा एक छापील कागद संमेलनाच्या संयोजकांना आधी पाठवला, तर विक्रेत्यांना ती पुस्तके वेळेत मागवता येतील आणि दालनात वयानुसार मांडता येतील. आमच्या वाचनालयाची नोंदवही या कामासाठी केव्हाही पाहायला मिळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव